सिनॅप्सचं सुपर-रेझोल्यूशन इमेजिंग: फिक्सिंगपासून मोजणीपर्यंत, कोणत्या क्रमाने आणि काय सांभाळून

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांमधून एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नाहीतर पीएचडीच्या सुरुवातीला न्यूरॉनच्या (मज्जापेशींच्या) स्लाइड घेऊन, त्यातले सिनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉनमधले जोड, टिपायला बरीच मुलं कॉन्फोकलपर्यंत (लेझरने थराथराने टिपणारा मायक्रोस्कोप) पोचतात आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं, फोटो धूसर येतो, मग सगळे म्हणतात मशीन जुनं आहे, एसटीईडी (त्याहून बारीक दाखवणारं सुपर-रेझोल्यूशन मशीन) मिळालं असतं तर झालं असतं. नसतं झालं. सँपल बिघडलेलं असेल तर महागडा मायक्रोस्कोप तो बिघाडच जास्त बारकाईने दाखवतो. मशीनसमोर बसायच्या आधीच खेळ जवळपास ठरलेला असतो, म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त जागा मशीनच्या आधीच्या कामाला दिलीय. घाई असली तरी क्रम मोडू नका.

## १. आधी ठरवा की मोजायचंय काय

कागदावर एक वाक्य लिहा. "मला सिनॅप्स बघायचाय" हे चालणार नाही. "डेंड्राइटच्या दर १० मायक्रॉनमागे एक्सायटेटरी सिनॅप्स किती आहेत" किंवा "पीएसडी-९५ चा ठिपका औषधानंतर लहान होतो का" असं काहीतरी हवं, कारण त्या वाक्यावरच मशीन ठरतं. (डेंड्राइट म्हणजे न्यूरॉनची संदेश घेणारी फांदी, एक्सायटेटरी म्हणजे पुढच्या पेशीला चेतवणारा, पीएसडी-९५ हे संदेश घेणाऱ्या बाजूचं प्रोटीन.)

मापं डोक्यात ठेवा. डेंड्राइटवरच्या बारीक उंचवट्याचं, म्हणजे स्पाइनचं, डोकं साधारण अर्धा ते एक मायक्रॉन. संदेश घेणाऱ्या बाजूच्या प्रोटीनच्या दाट थराचा, म्हणजे पोस्टसिनॅप्टिक डेन्सिटीचा, व्यास २०० ते ५०० नॅनोमीटर. व्हेसिकल, म्हणजे संदेशाचं रसायन भरलेली पिशवी, साधारण ४० नॅनोमीटर. आणि दोन न्यूरॉनमधली फट, म्हणजे क्लेफ्ट, जेमतेम २० नॅनोमीटर. आता मशीनकडे बघा. साध्या कॉन्फोकलला आडवं २०० ते २५० नॅनोमीटरच्या आतलं वेगळं करता येत नाही, उभ्या दिशेत तर ५०० च्या वरच. सिम (पट्ट्यापट्ट्यांचा उजेड टाकणारी पद्धत) १०० ते १२० पर्यंत नेतं, एसटीईडी रोजच्या वापरात ५० च्या आसपास, स्टॉर्मसारख्या, लुकलुकणारा एकेक डाय रेणू टिपणाऱ्या, पद्धती २० च्या आसपास.

म्हणजे नुसती संख्या हवी असेल आणि कल्चर (काचेवर वाढवलेल्या पेशी) विरळ असेल तर चांगला कॉन्फोकल पुरतो, उगाच एसटीईडीच्या रांगेत महिना घालवू नका. ठिपक्याचा आकार किंवा आतली रचना हवी असेल तर सुपर-रेझोल्यूशन लागणारच. आणि क्लेफ्ट प्रत्यक्ष बघायची असेल किंवा व्हेसिकल एकेक मोजायच्या असतील तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीच हवी, तिथे ग्लुटाराल्डिहाइड, ऑस्मियम आणि ७० नॅनोमीटरचे काप हा वेगळाच रस्ता आहे, खालच्या पायऱ्या त्याला लागू नाहीत.

तपासा: वाक्यात एकक आहे का? दर १० मायक्रॉन, चौरस मायक्रॉन, नॅनोमीटर, काहीतरी. एकक नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. परवानगी आणि स्लॉट, हे प्राण्याला हात लावायच्या आधी

उंदरावरचं काम असेल तर संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पाहिजे, पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे ते आता सीसीएसईए, त्यांच्या नियमांनुसार. तोंडी होकार चालत नाही.

स्लॉटसाठी आय-स्टेम पोर्टल बघा, सरकारी पैशातून घेतलेली मशीनं तिथे शोधता येतात आणि बाहेरच्यांनाही मागणी टाकता येते. आपल्या बाजूला खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, पवईचं आयआयटी, आणखी खाली कुलाब्याचं टीआयएफआर. नुसतं "कॉन्फोकल आहे का" एवढं विचारून फोन ठेवू नका. लेझर कोणकोणते आहेत, ऑब्जेक्टिव्ह (सँपलजवळची लेन्स) कोणता आणि त्याचा एनए (ती किती रुंद कोनातला उजेड घेते तो आकडा) किती, स्टेजवर स्लाइड बसते की डिश, एसटीईडी असेल तर डिप्लीशन लेझर (ठिपक्याच्या कडेचा उजेड विझवणारा) किती नॅनोमीटरचा, हे सगळं लिहून घ्या. कारण सेकंडरी अँटिबॉडीचा डाय यावरून मागवायचाय, उलटं नाही. (प्रायमरी अँटिबॉडी प्रोटीनला धरते, सेकंडरी त्या प्रायमरीला, आणि चमकणारा डाय सेकंडरीवर असतो.) डिप्लीशन ७७५ चा असेल तर अ‍ॅलेक्सा ४८८ चा तिथे उपयोग नाही, ५९४ आणि ६३५ च्या आसपासचे डाय लागतात. खूप जण आधीच फ्रिजमध्ये आहे ते ४८८ लावून मोकळे होतात आणि स्लॉटच्या दिवशी ऑपरेटरशी वाद घालत बसतात.

## ३. कव्हरस्लिप, जिच्याकडे कुणी बघत नाही

हाय एनए ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर काचेसाठी बनवलेले असतात. ती काच म्हणजे नंबर १.५, आणि सुपर-रेझोल्यूशनसाठी १.५ एच, जिच्या जाडीत फरक फारच थोडा असतो. लॅब सामानाच्या दुकानात सहज मिळते ती बऱ्याचदा नंबर १, म्हणजे ०.१३ ते ०.१६. हिस्टोपॅथॉलॉजीला ती ठीक आहे, तुम्हाला नाही. चुकीच्या जाडीमुळे ठिपका उभ्या दिशेत ताणला जातो आणि उजेड मरतो, आणि तुम्ही लेझर वाढवत बसता.

दुसरी गोष्ट, पेशी कव्हरस्लिपवर वाढवा, स्लाइडवर नाही. ब्रेन स्लाइस असेल तर तोही शक्यतो कव्हरस्लिपला चिकटवा आणि मग स्लाइडवर उलटा करा. लेन्स आणि सिनॅप्समध्ये जितकं कमी पाणी-ग्लिसरॉल तितकं बरं.

हिप्पोकॅम्पल कल्चर असेल तर काच अ‍ॅसिडने नीट धुवा, पॉली-डी-लायसीन लावल्यावर पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, राहिलेलं लायसीन पेशी मारतं. आणि घाई करून डीआयव्ही ७ ला (कल्चर लावल्यापासून सातव्या दिवशी) फिक्स करू नका, म्हणजे पेशी रसायनाने थिजवू नका, तेव्हा पिकलेले सिनॅप्स फार कमी असतात. १४ ते २१ च्या मधला एक दिवस ठरवा आणि सगळ्या बॅचना तोच ठेवा, कंट्रोल १५ ला आणि ट्रीटमेंट १८ ला असं केलंत तर फरक औषधाचा की वयाचा हे देवालाही सांगता येणार नाही.

## ४. फिक्सिंग

सगळ्यात जास्त सँपल इथे मरतात, म्हणून सावकाश वाचा.

पॅराफॉर्मल्डिहाइड ताजं करा. पावडर, साधारण ६० डिग्री, थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी स्वच्छ दिसलं की थांबा, मग बफर, मग थंड करून पीएच ७.४, मग गाळणं. सगळं फ्यूम हूडमध्ये, वाफ डोळ्यात आणि छातीत जाते. कपाटातल्या फॉर्मलिनच्या बाटलीतून पातळ करून घेऊ नका, त्या ३७ टक्के द्रावणात ते टिकावं म्हणून १० ते १५ टक्के मिथेनॉल घातलेलं असतं आणि मिथेनॉल पेशीच्या पडद्यातली चरबी काढून नेतं. सिनॅप्स म्हणजे पडद्यांचाच कारभार आहे. छोट्या ट्यूब भरून उणे २० ला ठेवल्या तर चालतं, पण एकदा वितळवलेली ट्यूब परत गोठवायची नाही.

कल्चरसाठी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड आणि त्यात ४ टक्के सुक्रोज, ३७ डिग्रीला गरम केलेलं, १० ते १२ मिनिटं. घड्याळ लावा. फ्रिजमधलं गार पीबीएस (खारट बफर) थेट ओतलं की डेंड्राइटवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि मग कुणीतरी त्याला "डीजनरेशन" म्हणून रिपोर्टमध्ये लिहितं. धुवायचंच असेल तर कोमट, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं पीबीएस, आणि पिपेट भिंतीला लावून, पेशींवर धार सोडू नका.

"जास्त वेळ ठेवलं तर जास्त पक्कं होईल" हा विचार सोडून द्या. पीएसडी-९५ प्रोटीनच्या दाट गर्दीत बसलेलं असतं, रात्रभर फिक्स केलं की अँटिबॉडीला आत जागाच मिळत नाही आणि ठिपके फिके पडतात. गेफिरिनचं (इनहिबिटरी, म्हणजे पुढच्या पेशीला दाबणाऱ्या, सिनॅप्समधलं प्रोटीन) तर त्याहून वाईट, थोडं जास्त झालं की दिसेनासंच होतं. परफ्यूजन केलेल्या (प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून फिक्स करणारं द्रावण सोडलेल्या) ब्रेन स्लाइसमध्ये हाच त्रास मोठा असतो, तिथे फिक्सिंगचा वेळ कमी करणं किंवा हलकं पेप्सिन देणं असे उपाय आहेत, पण ते आधी एका फालतू स्लाइसवर करून बघा, खऱ्या सँपलवर नाही.

फिक्स झाल्यावर उरलेलं अल्डिहाइड बंद करा: ०.१ मोलर ग्लायसीन किंवा ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड, १० मिनिटं. ही पायरी गाळली की पार्श्वभूमी चमकते.

थांबा: एक कव्हरस्लिप साध्या फेज कॉन्ट्रास्टखाली बघा. डेंड्राइट सरळ आणि सलग आहेत का, पेशी सुटून तर गेल्या नाहीत ना? गाठी दिसत असतील तर ही बॅच इथेच सोडा. महागडी अँटिबॉडी तिच्यावर घालवू नका.

## ५. अँटिबॉडीची जोडी आणि क्रम

एक्सायटेटरी सिनॅप्ससाठी प्रीसिनॅप्टिक (संदेश पाठवणाऱ्या) बाजूला बॅसून, सिनॅप्सिन किंवा व्हीग्लूट-१ यांपैकी एक प्रोटीन, पोस्टसिनॅप्टिकला पीएसडी-९५ किंवा होमर-१. इनहिबिटरीसाठी व्हीगॅट आणि गेफिरिन. तिसरं चॅनेल मॅप-२ चं ठेवा, त्यावरून डेंड्राइट कळतो.

मागवायच्या आधी प्राणी बघा. बॅसून आणि पीएसडी-९५, दोन्हींच्या प्रचलित मोनोक्लोनल अँटिबॉडी माऊसच्या असतात. दोन माऊस एकत्र लावले की सेकंडरी दोन्हींना धरतो आणि तुम्हाला शंभर टक्के कोलोकलायझेशन, म्हणजे दोन्ही रंग एकाच जागी, मिळतं, ते बघून खूश होणारी मुलं असतात. एक माऊस, एक रॅबिट, एक गिनी पिग किंवा चिकन, अशी वाटणी करा.

क्रम असा:

१) ट्रायटन (पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारा साबण) ०.१ ते ०.२ टक्के, ५ ते १० मिनिटं. कल्चरला यापेक्षा जास्त नको, स्लाइसला ०.३ आणि जास्त वेळ.

२) ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) एक तास, ज्या प्राण्यात सेकंडरी बनवलाय त्याचंच सीरम, साधारण ५ टक्के. सेकंडरी गोटचा असेल तर गोट सीरम.

३) प्रायमरी रात्रभर ४ डिग्रीला, ओल्या डब्यात. पहिल्यांदा वापरताना १:२००, १:५००, १:१००० असं तिन्ही करून बघा, पुस्तिकेत लिहिलंय म्हणून एकच आकडा धरू नका.

४) धुणं तीनदा, दर वेळी ५ ते १० मिनिटं.

५) सेकंडरी एक तास, अंधारात. आणि वापरायच्या आधी ती ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटं जोरात फिरवून वरचंच पाणी घ्या. तळाला बसलेले गोळे काचेवर गेले की हुबेहूब सिनॅप्ससारखे दिसतात, गोल, चमकदार, योग्य मापाचे. ही एक सवय लागली तर निम्मे खोटे ठिपके जातात.

६) पुन्हा धुणं, शेवटचं डीआयओनाइज्ड पाण्याने, मिठाचे कण राहू नयेत म्हणून.

कंट्रोल याच दिवशी, याच बॅचमध्ये लावा, नंतर नाही. एक कव्हरस्लिप प्रायमरीशिवाय. प्रत्येक रंगाची एकेकटी. म्हणजे तीन रंगांसाठी चार जास्तीच्या कव्हरस्लिप. "जागा नव्हती" हे कारण रिव्ह्यूअर ऐकत नाही.

स्टॉर्म करणार असाल तर एक गोष्ट ध्यानात धरा, प्रायमरी आणि सेकंडरी मिळून डाय खऱ्या प्रोटीनपासून १५-२० नॅनोमीटर लांब जाऊन बसतो. मशीन २० दाखवतंय आणि लेबलच तेवढं लांब आहे, मग त्या आकड्याचा अर्थ काय? तिथे नॅनोबॉडी (खूप लहान अँटिबॉडी) किंवा थेट डाय लावलेली प्रायमरी बघा.

## ६. माउंटिंग आणि आपला पावसाळा

कडक होणारं माध्यम, प्रोलाँग गोल्डसारखं, किमान २४ तास अंधारात सपाट ठेवावं लागतं, तेव्हा कुठे त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (उजेड किती वाकवतं तो आकडा) वर येतो. संध्याकाळी माउंट करून सकाळी नऊच्या स्लॉटला नेलेली स्लाइड अर्धी ओली असते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की हे आणखी लांबतं, म्हणून पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरा आणि एसी खोलीत, सिलिका जेलच्या डब्याजवळ सुकवा. सुकायच्या आधी नेलपॉलिश लावून कडा बंद करू नका, आतला ओलावा आतच राहतो.

कडक माध्यम सँपलला उभ्या दिशेत थोडं चेपतं. तुम्हाला झेड दिशेतलं अंतर मोजायचं असेल तर न सुकणारं माध्यम घ्या.

फ्रिजमधून काढलेली स्लाइड थेट उघडू नका. डबा बंद ठेवून अर्धा तास खोलीत राहू द्या, नाहीतर काचेवर दव जमतं आणि ते पाणी तेलात मिसळून लेन्सवर जातं.

## ७. नेणं-आणणं

स्लाइड सपाट डब्यात, उभ्या नाही, वरून फॉइल. ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने निघून पुढे गाडी बदलणार असाल तर गर्दीची वेळ टाळा, डबा पाठीच्या सॅकमध्ये नको, पुढे हातात धरा. मे महिन्यात पार्क केलेल्या गाडीत ठेवून चहाला जाऊ नका. बर्फाची गरज सुकलेल्या स्लाइडला नसते, उलट दव पडतं. स्टॉर्मचं सँपल मात्र माउंट केलेलं नसतं, ते पीबीएसमध्ये डिशमध्येच न्यायचं, झाकणाला पॅराफिल्म लावून, आणि ब्लिंकिंग बफर (डाय लुकलुकत ठेवणारं द्रावण) तिथे पोचल्यावर बनवायचा, कारण ग्लुकोज ऑक्सिडेज चालू झालं की अ‍ॅसिड तयार होत राहतं आणि काही तासांत पीएच घसरतो.

## ८. मशीनसमोर

फॅसिलिटीला सांगून लेझर आणि एसी एक तास आधी सुरू करून घ्या, गार मशीनवर स्टेज सरकत राहते. त्या दिवशी देखभालीसाठी लाइट जाणार आहे का आणि यूपीएस कशाकशाला आहे हेही आदल्या दिवशी विचारा.

पहिलं काम मण्यांचं. १०० नॅनोमीटरचे, सगळ्या रंगांत चमकणारे बीड्स त्याच लेन्सने टिपा. हिरवा आणि लाल एकमेकांवर बसत नसतील तर तो सरकलेला आकडा नोंदवा, नंतर वजा करता येतो. बीड न टिपता ५० नॅनोमीटरच्या अंतरावर दावा करायचा नाही.

मग:

१) ऑब्जेक्टिव्ह ६३एक्स किंवा १००एक्स, एनए १.४. तेल फॅसिलिटीचंच, दोन कंपन्यांचं तेल मिसळू नका.

२) जागा मॅप-२ च्या चॅनेलवर निवडा. सिनॅप्सच्या चॅनेलवर बघत "छान" जागा शोधलीत की निकाल तिथेच वाकला.

३) सगळ्यात तेजस्वी सँपलवर गेन (डिटेक्टर सिग्नल किती वाढवतो ते) आणि लेझर लावा, एकही पिक्सेल भरून जाता कामा नये. मग ती सेटिंग सगळ्या गटांना तीच. मधे हात लावायचा नाही, कंट्रोल फिका दिसला तरी.

४) पिक्सेल कॉन्फोकलला ५० ते ७० नॅनोमीटर, एसटीईडीला २० ते २५. झेड स्टेप ०.२ ते ०.३ मायक्रॉन. पिनहोल (फोकसबाहेरचा उजेड अडवणारं छिद्र) एक एअरी युनिट.

५) रंग एकामागून एक स्कॅन करा, एकत्र नाही, आणि लांब वेव्हलेंग्थचा आधी.

६) १२ किंवा १६ बिट, मशीनच्या मूळ फॉरमॅटमध्ये. जेपेग फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर गाइडना दाखवायला.

तपासा: पहिल्याच फील्डवर प्रायमरीशिवायची कव्हरस्लिप त्याच सेटिंगने बघा. ठिपके दिसले तर बाकीचं स्कॅनिंग थांबवा.

स्लाइस जाड असेल तर तेलाची लेन्स वरच्या १० मायक्रॉनच्या पुढे विश्वासाची नाही, ग्लिसरॉल किंवा सिलिकॉन लेन्स मागा. सिममध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसली तर ती पेशीतली रचना नव्हे, पार्श्वभूमी जास्त आहे किंवा तेल चुकलंय.

## ९. एसटीईडी मिळतच नसेल तर: एक्स्पान्शन

सँपललाच जेलमध्ये चारपट फुगवायचं आणि साध्या कॉन्फोकलवर बघायचं. आपल्याकडच्या छोट्या लॅबसाठी हा रस्ता मला मनापासून आवडतो, पण तीन गोष्टी चुकतात.

पहिली, अ‍ॅलेक्सा ६४७ सारखे सायनिन डाय जेल जमताना जळून जातात, ते घेऊ नका. दुसरी, आपल्या उन्हाळ्यात जेल सँपलच्या आत झिरपायच्या आधीच जमतं, म्हणून मिश्रण बर्फावर आणि एपीएस (जेल जमवणारं रसायन) अगदी शेवटी. सोडियम अ‍ॅक्रिलेटचं द्रावण पिवळट किंवा गढूळ असेल तर फेकून द्या, आणि अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, हातमोजे काढायचे नाहीत. तिसरी, लांबी-रुंदी-जाडी चारपट म्हणजे आकारमान ६४ पट, तेवढाच उजेड पातळ होतो, त्यामुळे कॉन्फोकलला पुरेसं वाटलेलं लेबलिंग इथे पुरत नाही.

फुगवण "चारपट" असं गृहीत धरू नका. तेच केंद्रक आधी आणि नंतर मोजा, येईल तो आकडा स्केल बारला लावा.

## १०. मोजणी

दोन ठिपके एकमेकांवर आले म्हणजे सिनॅप्स, हे कॉन्फोकलपुरतं ठीक. बॅसून आणि होमर यांच्यामधलं खरं अंतर साधारण १०० ते २०० नॅनोमीटर असतं, त्यामुळे कॉन्फोकलवर ते चिकटलेले दिसतात आणि एसटीईडीवर वेगळे. मुलं घाबरतात, म्हणतात चांगल्या मशीनवर कोलोकलायझेशन कमी कसं झालं? ते कमीच व्हायला हवं. सुपर-रेझोल्यूशनमध्ये पिअरसनचा आकडा (दोन रंग किती जुळतात तो) काढत बसू नका, एका ठिपक्याच्या केंद्रापासून समोरच्या रंगाच्या सगळ्यात जवळच्या केंद्रापर्यंतचं अंतर मोजा.

मॅक्सिमम प्रोजेक्शनवर (सगळे थर एकावर एक चेपलेलं चित्र) कधीच मोजू नका, वरच्या थरातला हिरवा आणि खालच्या थरातला लाल एकावर एक पडतो आणि सिनॅप्स जन्माला येतो. स्टॅकमध्येच, म्हणजे वेगळ्या थरांमध्येच, मोजा.

थ्रेशोल्ड (किती चमकलं की ठिपका धरायचा) कंट्रोलवर ठरवा, लिहा, मग सगळ्यांना तोच. फाइलची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या, कोणता गट कोणता हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. मग एक चॅनेल ९० अंशात फिरवून पुन्हा मोजा, निव्वळ योगायोगाने किती जुळतात ते यातून कळतं. फिरवल्यावरही संख्या जवळपास तेवढीच आली तर तुमचे सिनॅप्स बहुतेक गर्दीचे अपघात आहेत, थ्रेशोल्ड आणि अँटिबॉडीकडे परत जा.

आणि एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. एका कल्चरमधले ३०० ठिपके म्हणजे एन ३०० नव्हे, एन १. स्वतंत्र कल्चर किंवा स्वतंत्र प्राणी हेच मोजा, किमान तीन तरी. यावरून व्हायव्हात खूप जणांची दांडी उडते.

डीकन्व्होल्यूशन (कॉम्प्युटरने धूसरपणा काढणं) करायचं तर सगळ्या गटांना त्याच सेटिंगने, आणि मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच. फॅसिलिटीच्या कॉम्प्युटरवर डेटा किती दिवस ठेवतात ते त्याच दिवशी विचारा आणि निघायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी करा, सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लेझरचे टक्के, गेन, पिक्सेल, झेड स्टेप, बीडचा सरकलेला आकडा, अँटिबॉडीचा लॉट नंबर आणि फिक्सिंगची मिनिटं.